दुसरी सही

६ नोव्हें. ९६, बुध.
कंपनीचा माणूस परत आला. (यापुढे नुसतं कं.) खाणीसाठी आमचं कुळागर हवंय. पोफळी, केळी, वरची झर, सगळं. आमच्या लेकाला, मंगेशला, ड्रायव्हरची नोकरी देणार म्हणे. मी नाही म्हटलं. नवऱ्याला जमीन विकायची तर बायकोची सही लागते, गोव्याचा कायदाच तसा, म्हणून मी निवांत. ह्यांचं मन मात्र विकण्याकडे. गुडघे गेलेत, पोफळीवर चढायला माणूस मिळत नाही.

८ नोव्हें.
हे डिचोलीहून आले. जेवताना बोलले. कं.च्या वकिलाने रजिस्ट्रारकडे आमच्या लग्नाची नोंद शोधली. इथे लग्न नोंदवायला दोनदा सही करावी लागते, काही दिवसांच्या अंतराने; आमची पहिली सही आहे, दुसरी नाही. म्हणजे कागदावर हे अविवाहित. बायकोची सही नको, दिवाळी झाली की एकटे या, असा निरोप.
"म्हाका कित्याक सांगलें?" मी विचारलं.
"तुका सांगल्याबगर घांस घशाखाला वचना गो."
न सांगता जाऊन आले असते तर मला पत्ता लागला नसता. माणूस चांगला मिळाला मला.

९ नोव्हें.
आठवलं सगळं. ७४ साल. पहिली सही झाली, दुसरीची तारीख ३ डिसें. गेलो तर ऑफिसला कुलूप. जुन्या गोव्याच्या फेस्ताची, चर्चच्या जत्रेची, सुट्टी, आणि दोन्ही घरांत एकालाही भान नाही! भाजी-पाव खाल्ला, बांगड्या घेतल्या, परतलो. चार दिवसांनी पार्शे गावच्या देवळात लग्न लागलं. मग परत कोण जातो? बावीस वर्षांचा संसार, आणि सरकारदरबारी मी ह्यांच्या घरी पाहुणी.

१३ नोव्हें.
अर्धी रजा टाकून रजिस्ट्रारकडे. क्लार्क फिलोमेनाबाई म्हणाली, "पोरणी सय सोंपली बाये. आतां दोगांनीय येवन पयल्यासावन करूंक जाय." जुनी सही बाद, सगळं पहिल्यापासून. आणि दोघांनीही.
तिथेच कं.चा वकील भेटला. सभ्य माणूस. म्हणे, कायद्यात कंपनीसुद्धा व्यक्तीच, तिलाही हक्क असतात. असतील. तिच्या जन्माचे कागद चोख, शिक्कासुद्धा आहे. कुणाची भाकरी न भाजता ती व्यक्ती, आणि मी बावीस वर्षं भाजून कोण? चौथीला नागरिकशास्त्र शिकवते मी. राग आला, मग हसू.

१४ नोव्हें.
ह्यांना सरळ विचारलं, याल? सही केलीत की अर्धं माझं, मग एकट्याने विकता येणार नाही. अडकित्त्याने हातातली सुपारी कातरून संपवली. शेवटी, "पळोवया." पाहूया, एवढंच.

१८ नोव्हें., सोम.
आले! काल सदऱ्याला इस्त्री करून घेतली तेव्हाच ओळखायला हवं होतं.
पहिली सही झाली. आक्षेपासाठी नोटीस लागली फळ्यावर, वधूचं वय ४४. शाळेत कळलं तर पोरं काय म्हणतील. दुसऱ्या सहीला ४ डिसें. ह्यांनी तीनदा विचारलं, "फेस्त तिनाक न्हय?" फिलोमेनाबाई हसली. अर्ज तिनेच भरून दिला, दाखल्यांसाठी हेलपाटे वाचवले. देव तिचं भलं करो.

२२ नोव्हें.
तुळशीचं लग्न. हे म्हणाले, "हिचें दर वर्सा लागता. आमचें दोनदां लागल्यार कितें व्हड?" मंगेश कं.ची नोकरी हुकली म्हणून चार दिवस फुगून होता. आज ऊस त्यानेच आणला, अंतरपाटही धरला.

२ डिसें.
कं.चा माणूस ह्यांना बाजारात भेटला. उद्या सुट्टी, म्हणजे विक्रीच्या सहीला आजचाच दिवस हातात, गाडी उभी आहे म्हणाला. हे मासळी घेऊन घरी आले. इसवण.

४ डिसें., सकाळ
दारात कं.ची जीप. साहेबांनी पाठवलीय, रजिस्ट्रारच्या ऑफिसपर्यंत सोडतो, ड्रायव्हर म्हणतो. हे बसचे सुटे पैसे मोजत म्हणाले, "नाका. आमी बशीनच वतलीं."
सही झाल्यावर विकायचं की राखायचं, ते ठरलेलं नाही. विकूया म्हणाले तर भांडेन. ह्यांनाही ते ठाऊक आहे, तरी कधीचे सोप्यावर तयार होऊन बसलेत. पेन घेतलंत का, म्हणून विचारायला गेले, तर खिशाला दोन लावलेली.