वेटोळं न लावता लिही

१४ मार्च, दुपार

ताई,

अप्पांना साष्टांग, तुला साधा नमस्कार आणि भाचीला एक टपली. तुझं पत्र पोचलं. भाचीच्या पडलेल्या दातापासून मोरीच्या गळक्या नळापर्यंत सगळं आलं त्यात. अप्पांबद्दल मात्र नेहमीचीच ओळ, "अप्पा मजेत, काळजी करू नकोस." बरं. त्यावर नंतर येतो.

मी अजून त्याच कामावर आहे. हो, भिंगरी थांबली! गॅरेज सोडलं, गोदाम सोडलं, आणि हा आठवी नापास गडी वेबसाइटच्या ऑफिसात टिकलाय. काम एवढंच की साइटवरचं प्रत्येक बटण दाबायचं आणि काय मोडलं ते सांगायचं. घरी याच उद्योगापायी मार खायचो, इथे पगार देतात.

तुला एक गंमत ठाऊक आहे का? साइट ज्या भाषेत लिहितात ती भाषासुद्धा म्हातारी होते. तिची नवी आवृत्ती निघाली की काही वर्षांनी जुनीची डागडुजी बंद, मग चोरांना दार मोकळं. म्हणून अख्खी साइट नव्या आवृत्तीवर न्यायची. मी आमच्या बाईंना विचारलं (बाई म्हणजे मुख्य प्रोग्रामर), "भाषा तीच ना? मग जुनं लिहिलेलं नवीला का कळत नाही?"

"कळतं रे. पण जुनी जे खपवून घ्यायची ते नवी घेत नाही. सासू बदलली समज."

गेल्या आठवड्यात एका वाचनालयाची साइट अशी हलवली. बाईंनी तपासायला दिलेल्या वाचकांची पानं छान उघडत होती. मला आपली खाज! साइटवर स्वतःलाच सभासद करून घेतलं आणि माझं पान उघडलं. पांढरं फटक! एक अक्षर नाही.

"काय केलंस?" बाई.

"काहीच नाही. एक पुस्तकसुद्धा नाही घेतलं."

"तेच तर!" म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. तासाभराने उलगडा झाला. ज्याने पुस्तक नेलेलं नाही त्याची यादीच नसते. नसलेली यादी मोजायला सांगितली की जुनी भाषा कुरकुर करायची, पण शून्य धरून पुढे जायची. नवी तिथेच बसकण मारते. "मग ती कुरकुर इतकी वर्षं कुणाला दिसली कशी नाही?" मी विचारलं. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. ईमेलच्या पत्त्यात असतं ना, ते वेटोळं चिन्ह, ते ओळीच्या तोंडाशी लावलेलं. ते लावलं की त्या ओळीची तक्रार बाहेर येत नाही.

"कुठल्या गाढवाने लावलं हे?" म्हणत त्यांनी लिहिणाऱ्याचं नाव शोधलं. नाव त्यांचंच! सगळं ऑफिस हसलं, त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "घाई होती रे. वाटलं, तेवढ्यापुरतं गप्प बसवू, मग बघू."

"नव्या भाषेत हे चिन्ह नसतं?"

"असतं. पण आता ते बारीक कुरकुरच दाबतं. खरंच अडलं की नवी गप्प बसत नाही."

ताई, त्या दिवसापासून तुझी पत्रं पुन्हा काढून वाचतोय. 'अप्पा हल्ली दुपारी पडतात.' अप्पा? जे किल्ल्यांच्या दुकानात स्टूलसुद्धा ठेवत नव्हते, म्हणायचे बसून किल्ली घासली की वाकडी होते? 'नव्या किल्ल्या शेजारचा करून देतो.' का? आणि आपल्या गल्लीतला वायरमन भेटला होता इकडे, म्हणाला अप्पांकडे दोनदा गेलो, दुकान बंद. मी त्याला चहा पाजला आणि विषय बदलला.

म्हणजे तू एकटीच नाही, मीही वेटोळं लावत होतो. विचारलं तर तू सांगशील, आणि सांगितलंस तर मला निघावं लागेल, ही भीती. आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी सकाळी जावंसं वाटतंय गं. बाई म्हणाल्यात, पुढच्या महिन्यापासून एकेक ओळ वाचायला शिकवीन.

तरी विचारतो. अप्पांचे हात थरथरतात का? त्यांना किल्ली दिसते का? डॉक्टर काय म्हणाले? फोनवर तू हसून उडवशील, म्हणून कागदावर विचारतोय. बाईंना सांगून ठेवलंय, घरून पत्र येईल, कदाचित जावं लागेल. त्या एवढंच म्हणाल्या, "जा. ओळी कुठे पळून जात नाहीत."

तू फक्त खरं लिही. वाचून माझं पान पांढरं पडलं तरी पडू दे. निदान कुठे अडलंय ते तरी कळेल.

उत्तराच्या वाटेवर एका जागी थांबलेला,
तुझी भिंगरी