आधीच दाखल

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचले एकदाची कशेळ्याला. कर्जतहून जीपमध्ये बारा माणसं, मी आणि एक कोंबडी. हवा मस्त, शेतांत भातकापणी, दवाखान्यानं दिलेली खोलीही स्वच्छ. काम महिन्याभराचं: रुग्णनोंदणीचं जावा सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं. आधीचा प्रोग्रॅमर स्वप्नील ते अर्धवट सोडून नेरळला घरी गेला. कोड उघडला आणि हसू आवरेना. असला कोड मी कॉलेजच्या पहिल्या वर्षीसुद्धा फाडून टाकला असता.

४ नोव्हेंबर
एकच रुग्ण दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून या महाशयांनी स्वतःचा व्हॅलिडेटर लिहिलाय. नाव आणि अंगठा जुन्या नोंदींशी ताडायचे, एवढंच त्याचं काम. पण त्या नोंदी आणून देणारी रिपॉझिटरी त्याच्या हाती पडतच नाही. तिथं कायम नल, म्हणजे रिकामी जागा. आणि साहेबांचा उपाय काय, तर नल असेल तर तपासूच नका! वर शेरा: ‘इथे काहीही इंजेक्ट करू नका.’ डिपेन्डन्सी इंजेक्शन, म्हणजे लागणारी वस्तू बाहेरून हातात देणं, एवढंही कळत नसेल तर माणसानं भजी तळावीत.

काउंटरवरची जना म्हणाली, “स्वप्नीलदादानं मुद्दाम ठेवलंय तसं, मॅडम.” मुद्दाम! अडाणीपणाला बरं नाव शोधलंय. दहा मिनिटांत व्हॅलिडेटर स्प्रिंगकडून, म्हणजे असे सुटे भाग बनवून जोडणाऱ्या फ्रेमवर्ककडून, बनवून घेतला, रिपॉझिटरी त्याच्या हातात दिली. झालं.

५ नोव्हेंबर
अकराच्या सुमारास वाडीवरचा हिरू आला, बायको सुंदरासोबत. खोकला. फॉर्म अडला: ‘हा रुग्ण आधीच दाखल आहे. खाट चार.’ हिरू जन्मात पहिल्यांदा इथं आलेला. स्वप्नीलचा कचरा, दुसरं काय! जना आत जाऊन आली, ओठ पांढरे. “चारवर त्योच निजलाय, मॅडम. टोपीसकट.” या लोकांना काहीही दिसतं. हिरू म्हणाला, बघतो तरी, आणि आत गेला.

दुपारी
एकच हिरू बाहेर आला. खोकला नव्हता. सुंदरा त्याच्याकडे बघत राहिली, मग ओरडली, “यो माजा माणूस नाय!” तो गुपचूप जीपमध्ये जाऊन बसला. ती चालत गेली. मी आत डोकावले. खाट चार रिकामी.

६ नोव्हेंबर
आज तिघं अडले. तिघंही आत गेले. मी थांबवायला हवं होतं —
बदल काढून टाकला. रिपॉझिटरी पुन्हा नल व्हायला हवी. होत नाही. सर्व्हरचा लॉग पाहिला. व्हॅलिडेटर स्प्रिंगनं बनवलेलाच नाही. मग त्याच्या हातात ती कोणी —
स्वप्नीलला फोन केला. त्यानं एवढंच विचारलं, हर्षलामॅडम, तुमचं नाव टाकून पाहिलंत का? आणि फोन ठेवला.

७ नोव्हेंबर
टाकलं. अंगठाही दिला. ‘आधीच दाखल आहे. खाट पाच.’
आत जाणार नाही. सर्व्हर बंद केला — वायर काढली तरी फॉर्म —
जना आत कोणाला तरी विचारतेय, हर्षलामॅडम, बरं वाटतंय का आता? उत्तर आलं. माझ्या आवाजात. माझ्यासारखंच तुच्छतेनं हसत.
जना बाहेर आली. मला बघून थबकली. “बाई, तुमी कोण? हितं कशाला बसल्यात?” तिच्या मागून कोणीतरी — मी सांगतेय, जना, मीच हर्ष