टेअर वजा जाता

३ मार्च, सकाळ
वजन ९१.४. परवाही ९१.४. गेल्या सोमवारीही तेच. शहाण्णववरून इथवर कसा सरसर उतरलो! आणि आता गाडी अडली ती अडलीच.
सर्जनबाईंनी पंच्याऐंशी सांगितलंय. पंच्याऐंशी झालो की माझी एक किडनी दादाला. त्याच्या दोन्ही थकल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरात जुळली ती फक्त माझी. त्या दिवशी भर वॉर्डात मी जाहीर करून टाकलं की हा हा म्हणता वजन उतरवून दाखवतो. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्यांच्या हातात ट्रे होता.
संकल्प: साखर बंद. ब्रेड बंद. चिडचिड बंद.

३ मार्च, दुपार
हिच्यावर चिडलो.

६ मार्च
इंटरनेटवर वाचलं. याला प्लॅटो म्हणतात. शरीर नव्या वजनाला सरावतं आणि ठिय्या देऊन बसतं. उपाय: व्यायाम बदला, झोप नीट घ्या, दिवसभरात तोंडात गेलेलं सगळं प्रामाणिकपणे लिहून काढा.
शेवटचा उपाय सामान्य लोकांसाठी आहे. मी वजनमापे निरीक्षक. दुकानादुकानांतले काटे तपासण्यात माझं आयुष्य गेलं. मला वजन शिकवू नये.
उलट वेगळाच संशय येतोय. प्रत्येक दुकानदार शपथेवर सांगतो की माझा काटा बरोबर आहे, आणि मी एकावरही विश्वास ठेवत नाही. मग माझ्या बाथरूममधल्या काट्यावर का ठेवला?

८ मार्च
ऑफिसातून वीस-वीस किलोची चार प्रमाणित वजनं घरी आणली. तिसरा मजला, लिफ्ट बंद. हा आजचा व्यायाम धरला.
काटा डुगडुगत होता. फरशी उंचसखल. हॉस्पिटलने दिलेली ‘किडनी देणाऱ्यांसाठी माहिती’ ही पुस्तिका नेमकी हव्या तेवढ्या जाडीची निघाली. काट्याच्या एका कोपऱ्याखाली सरकवली आणि काटा जागच्या जागी शांत. पुस्तिका अजून वाचायची आहे, पण आता काढली तर लेव्हल जाईल.
निकाल: काटा सदोष! तीनशे ग्रॅम कमी दाखवतो.
म्हणजे मी ९१.७. हे हिला सांगितलेलं नाही.

१० मार्च
दादाचं मशीन चालू असेपर्यंत मी शेजारी बसतो. वहिनी डबा देऊन कामाला पळते. दादाला एक घास जात नाही. तोंडाची चवच गेली म्हणतो. डबा भरलेला परत गेला तर वहिनी खचेल, म्हणून तो माझ्याकडे सरकवतो आणि मी संपवतो. भात, अंडं, ब्रेडला चांगलं जाड बटर. सगळं बिनमिठाचं.
हे माझ्या जेवणात धरायचं नाही. आमच्या कामात रिकाम्या भांड्याचं वजन वेगळं काढतात, त्याला टेअर म्हणतात. आपला हिशेब तो आपला, भांड्याचा तो भांड्याचा. डब्यातलं अन्न दादाचं. मी त्याच्या वतीने खातो, एवढंच.

१३ मार्च
माझ्या रक्ताच्या पुन्हा काही टेस्ट. सुई टोचायच्या आधी थोडं गरगरलं. खोलीत हवा कमी होती. सिस्टरला म्हटलं, खिडकी उघडा. म्हणाल्या, उघडीच आहे.
पाच-दहा मिनिटं आडवा झालो, दादाच्याच खाटेवर. मशीन अजून लागलं नव्हतं, म्हणून पेशंट उठून खुर्चीत बसला. तिथून मला निरखत राहिला. मग म्हणाला, खा काहीतरी, चेहरा पांढरा पडलाय. डब्यात आज केक होता.

१७ मार्च
मोटिव्हेशन कमी पडतंय. फ्रीजवर दादाचा फोटो लावला, म्हणजे फ्रीज उघडताना लाज वाटेल. घरात त्याचा हसरा फोटो एकच, तोही जेवणाच्या पंगतीतला, हातात भरलेली प्लेट. बघून भूक लागते.
बसवत नाही, उभं राहवत नाही. काहीतरी करायला हवंय आणि ते काय हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी होत नाही.

२२ मार्च
९२.१. घाबरण्यासारखं काही नाही. टेअर: पायजमा, ओले केस, सकाळचं पाणी, दादाचा कालचा डबा, दादाचा परवाचा डबा. वजा जाता ८९.९.
प्लॅटो फुटला!
हिला सांगितलं. ती म्हणाली, सर्जनबाई पायजमा वजा करणार आहेत का, ते आधी विचारून घ्या.

२८ मार्च
सर्जनबाईंच्या काट्यावर ९२.६.
मी शांतपणे विचारलं, हा काटा शेवटचा कधी तपासला होता? त्या म्हणाल्या, मागे सील लावलंय, बघा. वाकून बघितलं. सील ठीक. सही माझीच.
मग त्यांनी दाराबाहेर नेऊन सांगितलं. दादाच्या पायांवर सूज चढतेय, मशीनही त्याला झेपेनासं झालंय. एप्रिलअखेरपर्यंत माझं वजन उतरलं नाही तर माझा विचार सोडून द्यायचा. अनोळखी दात्याच्या रांगेत दादाचं नाव आहेच, पण ती रांग वर्षानुवर्षं सरकत नाही.
परत आत गेलो. दादाने विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, प्रगती आहे म्हणाल्या.

२ एप्रिल
सकाळपासून येरझाऱ्या. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. ही म्हणाली, फरशी झिजेल. झिजू दे, कुणाचं तरी वजन कमी होईल.
मी सगळं करतोय. साखर बंद आहे. ब्रेड बंद आहे. (माझा.) तरी काटा हलत नाही, यात माझा काय दोष?

५ एप्रिल
वहिनी हॉस्पिटलच्या जिन्यात भेटली. चेहरा खुललेला. म्हणाली, भाऊजी, यांची भूक परत आली हो! रोज सांगतात, डबा मोठा दे, बटर सढळ हाताने लाव, काहीतरी गोड ठेव.
मी हो हो म्हणून वर आलो आणि दादाला धरलं. चव गेली ना तुझी? मग ही फर्माईश कुणासाठी?
त्याने आधी पांघरूण नीट ओढून घेतलं. मग म्हणाला, अरे, लहानपणी डॉक्टर सुई काढायचे आणि तू टेबलाखाली. दरवेळी पाय धरून मीच तुला बाहेर ओढायचो. आता सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलास. मागे कसा फिरणार होतास? वजनच उतरलं नाही तर कुणी तुला भित्रा म्हणणार नाही. माझं मी बघेन, अनोळखी दात्याची रांग आहेच.
मी म्हटलं, मी? आणि भितो? काहीतरीच काय! आवाज इतका चढला की पलीकडचा पेशंट जागा झाला.
दादा म्हणाला, बरं. आणि डबा पुढे केला.
रागारागात संपवला.

६ एप्रिल
काट्याखालची पुस्तिका काढली. वाचली. पान नऊवर ऑपरेशनचं चित्र आहे. खिडकी उघडायला गेलो. उघडीच होती.
पुन्हा पहिल्यापासून वाचली.
मला भीती वाटते. भूल देतील त्याची, कापतील त्याची, आणि एवढं करून दादा वाचला नाही तर त्याची सगळ्यात जास्त. केक गिळताना दरवेळी पोटात कुठेतरी बरं वाटायचं, ते केकमुळे नव्हतं.
काटा डुगडुगतोय. वजन ९२.९, अधिक ते तीनशे ग्रॅम. टेअर काही नाही.

७ एप्रिल
दादाला सांगितलं, भितो. खूप भितो. तरी देणार आहे.
तो रडला. मीही. सिस्टर आल्या तेव्हा दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.
सर्जनबाईंकडे जाऊन सगळं ओकलो, डब्यासकट. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. मग जूनअखेरपर्यंत मुदत दिली. त्यापुढे एक दिवस नाही म्हणाल्या.
दादाने आज स्वतःचा डबा स्वतः खाल्ला. पहिल्याच घासाला तोंड वाकडं. विचारलं, इतका बेचव डबा महिनाभर कसा रे संपवलास?
म्हटलं, मला आवडायचा.

१ मे, सकाळ
साखर बंद. ब्रेड बंद, दोघांचाही. दादाला भरवतो आणि स्वतः दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसतो. भीती आहे तेवढीच आहे, ती ग्रॅमभरही उतरलेली नाही.
पहाटे उपाशीपोटी, पायजमासुद्धा न घालता काट्यावर चढलो. ९१.४.
म्हणजे एवढी मरमर करून मी जिथे अडकलो होतो तिथेच परत आलोय. दादाला फोन करून खरा आकडा सांगितला, तीनशे ग्रॅम धरून.
तो म्हणाला, ये सावकाश, मी थांबतो.