शटल, समुद्र आणि माझी शिल्लक रजा

३ मार्च, सकाळी ६.१०
ठरलं. मे महिन्यात पाच दिवस समुद्रावर. चौघंही. मुलीचं बॅडमिंटन, मुलाचं पोहणं. तीन वर्षांत घराबाहेर पडलो ते फक्त कुणाच्या तरी स्पर्धेसाठी. आता बास. जूनमध्ये मुलगी हॉस्टेलला जाणार, मग चौघं एकत्र कधी? ऑफिसात एकशे बारा जणांच्या रजा मीच बघतो. पाच दिवस काढणं म्हणजे डाव्या हातचा मळ. माझ्या स्वतःच्या सहा रजा जपून ठेवल्या आहेत.

५ मार्च
बायकोला तारखा सांगितल्या. बघू म्हणाली. ती बघू म्हणते तेव्हा तिचं बघून झालेलं असतं.

१६ मार्च
बॅडमिंटनच्या कोचने मे महिन्यातल्या स्पर्धेचं टाइमटेबल पाठवलं. नेमके तेच पाच दिवस! तारखा फक्त बायकोला माहीत. कुठेतरी पाणी मुरतंय. बायको म्हणते, स्पर्धा दरवर्षी याच तारखांना असते आणि गेल्या वर्षी मीच तिथे पाण्याच्या बाटल्या धरून उभा होतो. असेन. पण इतकं तत्पर उत्तर?

२० मार्च, दुपारी ४
हाफ डे टाकून हॉलवर गेलो. खांबाआड उभा राहिलो. बायको कोचशी पंधरा मिनिटं बोलत होती. घरी विचारलं तर म्हणे मुलीच्या गुडघ्याबद्दल. एका गुडघ्याबद्दल पंधरा मिनिटं! निघताना कोच माझ्याकडे बघून हसला. सरळ माणूस खांबाकडे बघून हसत नाही.

२ एप्रिल
हाफ डे. आज स्विमिंग पूल. पोहण्याचे सर मला बघताच शिट्टी वाजवून दुसऱ्या टोकाला गेले. हेही सामील.

१४ एप्रिल
आजपासून पाळत बंद. संसार विश्वासावर चालतो.

१५ एप्रिल
हाफ डे.

२२ एप्रिल
मुलीला सहज विचारलं, तुला समुद्र हवा की स्पर्धा? तिने उलट विचारलं, बाबा, तुम्हाला काय हवंय? मी इतका कच्चा नाही. तिच्या मनातलं काढून घ्यायला म्हणालो, स्पर्धा. ती उठून खोलीत गेली. उत्तर टाळणारी माणसं मी लगेच ओळखतो.

३० एप्रिल
माळ्यावरची मोठी बॅग खाली आली आहे. मी खोलीत शिरलो की तिघांचं बोलणं बंद. काहीतरी शिजतंय. मला वगळून स्पर्धेला परगावी जाणार, दुसरं काय! या आठवड्यात तीन हाफ डे झाले, हाती काही लागलं नाही.

६ मे, रात्री
बायकोने जेवणाच्या टेबलावर बसची चार तिकिटं ठेवली. समुद्राची. वीस मार्चलाच तिने मुलीचं नाव स्पर्धेतून काढून घेतलं होतं. गुडघ्याला विश्रांती हवी, घेऊन जा तिला कुठेतरी, असं कोचच म्हणाला होता. मला का नाही सांगितलं? तर मी कोचशी भांडायला गेलो असतो म्हणे. मुलगी म्हणाली, बाबा स्पर्धा म्हणाले त्या रात्री मी रडले. मला फार वाईट वाटलं. तिला जवळ घेतलं. उद्या पहिलं काम रजेचा अर्ज.

७ मे
माझी शिल्लक रजा : अर्धा दिवस. दोनदा तपासलं. अकरा हाफ डे, सगळे माझ्याच अक्षरात. बिनपगारी मागितली. साहेबांनी भिंतीवरची नोटीस दाखवली : महिनाभर आधी अर्ज न केल्यास बिनपगारी रजा मिळणार नाही. खाली सही माझीच. गेल्या वर्षी लोकांच्या लबाडीला आळा घालायला मीच काढली होती. तिकिटं परत करू, असं बायको म्हणाली. मीच नको म्हणालो.

११ मे
उरलेला अर्धा दिवस तिघांना बसमध्ये बसवून देण्यात गेला. माझ्या सीटवर मुलीने माझी टोपी ठेवली. बस वळेपर्यंत हात हलवत होती. घरी येऊन एकट्यासाठी ताट वाढलं. जेवण गेलं नाही.

१२ मे, दुपारी १.३०, ऑफिस
मुलीने फोटो पाठवला. मागे समुद्र. बायको, मुलगा, मुलगी, आणि मधे वाळूवर माझी टोपी. खाली लिहिलंय, बाबा, तुमची फार आठवण येते. चष्मा दोनदा पुसला.
फोटोत तिघंही आहेत. मग फोटो काढला कुणी?