अंकुरच्या बॅगेतली गांडुळं

यिशुन, सिंगापूर, रविवार

चि. अंकुर यास विश्वासमामाचे भरघोस आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. तू कसा आहेस हे विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा तेवढ्या येतात. म्हणून कागदावर लिहितो आहे. (कागद चैत्रालीच्या प्रिंटरमधला. ‘नोबडी राइट्स लेटर्स, ला’ असं तुझी मामेबहीण इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली.)

टोरांटोच्या विमानतळावर तुझ्या बॅगेतून माती आणि जिवंत गांडुळं निघाली, हे ताईकडून कळलं. गांडुळांपासून जंगलं वाचवणं हेच तुझं काम, त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्यांची करमणूक झाली आणि तुझी शोभा. संस्थेने चौकशी लावली, नोकरी राहते की जाते अशी वेळ आली. यात माझा दोष किती, हे शांतपणे पाहिलं पाहिजे.

तू आमच्याकडून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तुला कपडे वाळवायच्या जागेत ठेवलेली माझी गांडूळखताची पेटी दाखवली. (मामी तिथे फिरकत नाही. त्यावरून आमचं भांडण पूर्वी व्हायचं, आता तेही होत नाही.) गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे मी शाळेत शिकलो ते तुला सांगितलं. तू म्हणालास, ‘मामा, तुमच्याकडे मित्र असेल, आमच्याकडे तो घर धुऊन नेणारा चोर आहे.’ मग समजावलंस. उत्तरेकडच्या तुमच्या जंगलांत मूळची गांडुळं नाहीतच; हिमयुगातल्या बर्फाने ती केव्हाच संपवली आणि झाडं, रानफुलं त्यांच्यावाचून संसार थाटून बसली. पुढे माणसांनी ती कुंड्यांच्या मातीतून नेली, मासे धरायला गळाला लावायला नेली. आता ती जमिनीवरचा पाचोळा फस्त करतात, त्यात रुजणारी रोपं रुजत नाहीत आणि मोठ्या झाडांखाली उघडी माती उरते. हे सगळं मला आता ताईने ऐकवलं. त्या संध्याकाळी मी ‘मूळची गांडुळं नाहीतच’ इथपर्यंत ऐकलं आणि मामीने चहाला बोलावलं. मला तुमच्या जंगलाची फार कीव आली.

पाहुण्याची बॅग आपल्याकडे कशी भरतात, तू जाणतोस. मामीने काट्यावर वजन करकरून मेतकूट, लिंबाचं लोणचं, डिंकाचे लाडू कोंबले. माझं म्हणून त्यात काहीच नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले; स्वतःच्या हाताने वाढवलेलं असं माझ्याकडे त्या पेटीशिवाय काही नाही, आणि भाचा म्हणून तू मला फार लाडका आहेस. तेव्हा चांगली धट्टीकट्टी निवडली, ओल्या मातीत ठेवली, झाकणाला भोकं पाडली आणि डबा लाडवांखाली सरकवला. (लाडूही जप्त झाले, म्हणून मामी माझ्याशी बोलत नाही.) तुला काही सांगितलं नाही. घरी गेल्यावर आश्चर्य वाटावं, असा विचार होता. ते जरा आधीच वाटलं.

घरी सगळं जिथल्या तिथे आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
विश्वासमामा

ता. क. हे पत्र चौकशी समितीला दाखव. तुला कल्पना नव्हती हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे, त्यासाठीच एवढं लांबवलं. इंग्रजी करताना कंसातलं वगळ.

आणखी एक. तुझ्या संस्थेतल्या मॅडम तुझ्या बाजूने खंबीर उभ्या राहिल्या, हे ऐकून बरं वाटलं. त्यांना द्यायला म्हणून मी तुझ्या खांद्यावरच्या पिशवीत जो चहाचा डबा दिला होता, त्यात चहा नाही. त्यांनी उघडायच्या आत तो परत आण. त्यांच्या घरामागे मेपलचं रान आहे असं तू म्हणाला होतास, म्हणून त्यात जरा जास्त घातली आहेत.