चादर उचलून बघायची

प्रिय भिंगरी,

फोन आपटलास ते एका अर्थी बरं झालं. तू ओरडत होतीस, मी ओरडत होते, आणि तुझा बाप मधल्या मधे "आई, हळू... अगं पोरी, हळू" करत दोघींची बोलणी खात होता. तुझं शेवटचं वाक्य मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. "आजी, तू माझ्या आईला टाकलंस." गुडघ्यांचं विचारू नकोस, पण कान अजून शाबूत आहेत. याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा अक्षर वाकडं येईल. मजकूर सरळ आहे.

सुरुवात कुठून झाली ते तुला कुणी सांगितलंच नाही. तू नोकरीला गेल्यावर तीन महिन्यांनी तुझ्या बापाची कंबर धरली. सकाळी तुझ्या आईला पलंगावरून खुर्चीत घेताना कट्कन आवाज झाला आणि हा तसाच वाकलेला राहिला. तिला मी धरलं, त्याला कुणी धरायचं? तिघंही बराच वेळ त्याच अवस्थेत, एखाद्या जुन्या फोटोत असावं तसे. तुझ्या आईला हसू आलं. झटक्यानंतर तिचं बोलणं गेलं, उजवी बाजू गेली, पण हसू अर्ध्या तोंडानं का होईना येतं. त्या दिवसापासून दिवसभराचं सगळं माझ्यावर. तो सकाळी आठला जातो, सातला येतो. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. हिशेब तूच कर, तू शिकलेली आहेस.

मग शोधाशोध सुरू झाली. अशा माणसांना कायमचं ठेवून घेणारी पाच सेंटरं तुझ्या बापानं काढली आणि ऑफिसातून एक छापील यादी आणली, चाळीस प्रश्नांची. "रहिवाशांच्या करमणुकीची सोय समाधानकारक आहे का?" मी म्हटलं, अरे, मी अठ्ठावीस वर्षं इस्पितळात आया होते, वॉर्डातली माणसं मला मावशी म्हणून हाक मारत मेली, आणि मला तू हे विचारायला शिकवतोस? यादी मी घेतली. पाठकोऱ्या बाजूला बसच्या वेळा लिहायला बरी पडली.

पहिलं सेंटर तुझ्या बापाला फार आवडलं. काचेचं दार, गुळगुळीत फरशी, आणि मॅनेजरबाई अशी गोड की तिला बघून मुंग्या लागाव्यात. "आजी, आमच्याकडे अगदी घरच्यासारखं असतं." मी म्हटलं, घरी आमच्याकडे भांडणं असतात, तुमच्याकडे कधी असतात? ती हसली, पण दातांपुरती. आत गेले तर फुलांचा वास. आजारी माणसांच्या खोलीत घाणीचा वास आला तर मला चालतं, आत्ताच कुणीतरी केलं असेल, पाच मिनिटांत साफ होईल. फुलांचा वास आला की मी विचारते, झाकलंय काय? बेल बघितली. पलंगाच्या मागच्या दांडीला दोरीला गाठ मारून वर बांधलेली. ज्या बाईला मानसुद्धा वळवता येत नाही तिनं ती ओढायची कशी, दातांनी? आणि पलंगाच्या पायथ्याशी तक्ता होता, दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्यांचा. मला आकडे नीट वाचता येतात. दुपारी चारची सही झालेली होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. मी मॅनेजरबाईला म्हटलं, तुमच्याकडची माणसं फार पुढची आहेत हो. तुझा बाप रस्त्यात माझ्यावर चिडला. मग दहा पावलं चालला आणि म्हणाला, "खरंच चारची होती?"

मधल्या तिन्हींचं सांगत बसत नाही. एका ठिकाणी टाचा बघितल्या, एका ठिकाणी नखं, आणि एका ठिकाणी सगळे टीव्हीसमोर ओळीनं बसवलेले होते आणि टीव्ही बंद.

पाचवं सेंटर मी दारातूनच नापास केलं होतं. रंगाचे पोपडे, जिना अरुंद, आणि आत शिरते तो एक मावशी एका म्हाताऱ्यावर गळा फाटेस्तोवर ओरडत होती. "तो डावा आहे! डावा बूट!" म्हातारा तिच्याहून मोठ्यानं, "पायपण डावाच आहे, बाई!" मी वळले होते. मग लक्षात आलं, त्याचं कानातलं यंत्र टेबलावर उघडून पडलं होतं, आणि ती बाई हात मागे बांधून उभी होती. बूट तो स्वतः घालत होता. पाच मिनिटं लागली, तिनं हात लावला नाही. घाई असणाऱ्या बाईनं अर्ध्या मिनिटात कोंबला असता. मी परत वळले आणि एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. जेवणाची वेळ होती, मी मुद्दाम तीच गाठलेली. खिडकीजवळ दुसरी एक मावशी एका बाईला मऊ भात भरवत होती, आणि बसून भरवत होती. उभ्यानं भरवणारी घड्याळाकडे बघते, बसून भरवणारी तोंडाकडे. पाण्याचे पेले ज्याचा जो हात चालतो त्या बाजूला ठेवलेले. मी तासभर बसले. बेल सहा वेळा वाजली, एकदाही तीन मिनिटांच्या वर गेली नाही.

तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे काटकुळ्या, चष्मा दोरीला लटकलेला, बोलणं माझ्यासारखंच. मला म्हणाल्या, "झाली का तपासणी? आता माझी पाळी. मी पेशंटला घरी बघितल्याशिवाय घेत नाही." मला आवडलं ते. मी म्हटलं, या, मंगळवारी या, आमच्याकडे बघून शिकाल काहीतरी.

भिंगरी, मंगळवारी मी चादर नवी घातली, तुझ्या आईचे केस विंचरले, आणि अशी बसले की जणू बक्षीस समारंभ आहे. सिस्टर आल्या, बोलल्या थोडं, हातमोजे घातले, तुझ्या आईला कुशीवर वळवलं आणि अंगावरची चादर पूर्ण बाजूला केली. मग मला म्हणाल्या, "मावशी, इकडे या." माकडहाडावर जखम होती. कातडी गेलेली, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. आत्ताची नव्हे. दोन-तीन आठवड्यांची तरी. अठ्ठावीस वर्षांत माझ्या वॉर्डात कुणाला बेडसोर झाला तर मी त्या पाळीच्या बायकांचं आयुष्य नको करून सोडायची.

कशी झाली ते मी सांगते, कारण तुझा बाप सांगेल ते खोटं असेल, तो मला वाचवायला बघेल. इस्पितळात मी कुणालाही उघडं करून पुसायची. साहेब असो, साहेबाची आई असो. अंग म्हणजे अंग. पण ही माझी सून. सव्वीस वर्षं माझ्यासमोर तिनं कधी ओल्या केसांनी पाऊल टाकलं नाही, बाळंतपणातसुद्धा मी आत आले की अंगावर ओढून घ्यायची. झटक्यानंतर पहिल्या दिवशी मी अंग पुसायला घेतलं तेव्हा डाव्या हातानं तिनं चादर अशी घट्ट धरली की मला सोडवेना. म्हटलं, बरं बाई. तेव्हापासून मी चादरीखाली हात घालून, तोंड खिडकीकडे करून पुसत आले. दोन वर्षं. पाठ पुसली, पण पाठ पाहिली नाही. रोज विचारायची, कुठं दुखतंय का गं? ती मान हलवायची, नाही. सून सासूला दुसरं काय सांगणार? आणि मला ते समजायला हवं होतं, कारण मीही कुणाची तरी सून होतेच. मी तिची लाज राखली आणि कातडी घालवली. पाच सेंटरांना मी जे लावलं तेच आपल्या घराला लावलं असतं तर पहिल्या फेरीतच बाद झालो असतो.

सिस्टरनी जखम धुतली, पट्टी लावली. तुझ्या आईनं इतकी वर्षं माझ्यापासून जे झाकलं, ते त्या परक्या बाईपासून झाकलं नाही. तिला बरंच वाटत होतं, दिसत होतं ते. त्या गेल्यावर मी पलंगासमोर खुर्ची घेतली आणि सरळ विचारलं. म्हटलं, मी दुखतंय का असं विचारत नाहीये, तू खोटं सांगतेस. तिथं जायचंय का, ते सांग. तिनं मान डोलावली, हो. आणि डाव्या हातानं कपाटाकडे बोट केलं, तिचा निळा गाऊन होता ना, तो घ्यायचा म्हणून. रडारड कुणी केली नाही. तुझा बाप संध्याकाळी आला तेव्हा पिशवी भरून तयार होती. "लोक काय म्हणतील" असं तो म्हणाला. मी म्हटलं, लोकांना एकेक रात्रपाळी लावून देते, मग विचार.

आता अकरा दिवस झाले. मी रोज जाते, कधी सकाळी, कधी भर दुपारी, वेळ सांगत नाही. जखम आता शर्टाच्या बटणाएवढी आहे. चादर मी स्वतः उचलून बघते, तिथं गेल्यापासून ती मला उचलू देते. ते का, ते तिचं तिला ठाऊक. सगळं गोड आहे असं समजू नकोस. रविवारी बेल नऊ मिनिटं वाजत राहिली आणि मी असा तमाशा केला की बूटवाले आजोबा यंत्राशिवाय ऐकून बाहेर आले. सिस्टरनी चूक वहीत लिहिली, माझ्यासमोर. केस आठवड्यातून एकदाच धुतात, त्यावरही माझं भांडण चालू आहे, जिंकेन. पण तुझी आई आता दुपारी खुर्चीत दोन तास बसते. व्यायाम घेणारी पोरगी तिला डाव्या हातानं पेन धरायला लावते. काल तिनं कागदावर काहीतरी काढलं. अक्षर होतं की चिमणी, आमचं एकमत झालेलं नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल जेवताना तुझ्या बापाच्या तोंडून निसटलं की तू राजीनामा लिहिलायस आणि एक तारखेला आईला घरी आणून तिच्याजवळ राहणार आहेस. ऐकून तो सुखावलाय, मूर्ख. आज मी ते तुझ्या आईला सांगितलं. म्हटलं, तिचं आयुष्य आहे, पण तू तिची आई आहेस, तुला कळायला हवं. तिनं माझं मनगट धरलं, डाव्याच हातानं, आणि असं दाबलं की लाल वळ उठलाय, लिहिताना दिसतोय मला. मान इतक्या जोरात हलवली, नाही, नाही, की सिस्टर धावत आल्या. हे नाही खोटं नव्हतं, पोरी. पूल बांधणाऱ्या कंपनीत पोरगी आहे म्हणून ती तिथल्या प्रत्येक मावशीला तुझा फोटो दाखवते, डोक्यावर पिवळं टोपडं घातलेला. तू घरी येऊन बसलीस की तिला रोज तुझ्यासमोर बरं असल्याचं सोंग करावं लागेल, आणि ते सोंग किती महाग पडतं ते मी पाहिलंय. तेव्हा चार दिवसांची रजा काढ. कुणाला न सांगता ये, जेवणाच्या वेळी जा, जिथं शंका येईल तिथं उघडून बघ. तुला नापास वाटलं तर मी स्वतः तिला घरी आणीन आणि तुझ्या बापाला नोकरी सोडायला लावीन, त्याची नोकरीची फार वर्षं राहिली नाहीत. राजीनामा अजून टेबलावर असेल तर फाड. साहेबाकडे गेला असेल तर उद्या सकाळी जाऊन परत माग. लाज वाटली तर माझ्यावर ढकल. म्हणावं, आजी अडाणी आहे, घरी नीट काही कळवलं नाही, घोळ झाला.

तुझीच,
भांडायला अजून तयार,
आजी