रुपयात बारा आणे

मिरज
९ जुलै २०२३

ती. मधुकाकांना,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येईनासं झालं, त्या निमित्ताने मी पुन्हा पत्रं लिहायला लागले. त्यामुळे तुमच्या कानांवर मला रागावता येत नाही.

इकडे घराची शाळा झाली आहे. सईचं इंजिनिअरिंग आणि माझी पीएच.डी. एकाच टेबलावर चालते. ती अधूनमधून विचारते की आई, तुला केटी लागली तर बाबांना कोण सांगणार. हे दोघींना चहा करून देतात आणि म्हणतात, घरात पगार आणणारा मी एकटाच उरलो. म्हणतात चेष्टेनेच, पण माझी अभ्यासरजा बिनपगारी असल्यामुळे मला नीट हसता येत नाही.

माझी गाइड डॉ. प्रियदर्शनी. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, आणि एके काळी माझ्याच हाताखाली इंटर्न होती. ती मला मॅडम म्हणते, मी तिला मॅडम म्हणते. मॅडमनी बोलावलंय असा निरोप आला की शिपाई आधी विचारतो, कोणत्या.

तुम्ही विषय विचारलात. जत भागात मेंढरांमागे चालून चालून बायकांचे गुडघे झिजतात. दवाखान्यात येणं त्यांना परवडत नाही. त्यांना घरच्या घरी करायचे साधे व्यायाम शिकवले तर दुखणं कमी होतं का, एवढंच मला पाहायचं आहे. पहिली अडचण मोजण्याची आली. आम्ही फिजिओथेरपिस्ट विचारतो, दहापैकी किती दुखतंय. सुलाबाई म्हणून एक मेंढपाळीण आहेत, साठीच्या, सगळ्यांच्या पुढारी. त्या म्हणाल्या की ताई, धाच्या धा मंजी पास का नापास? मग मीच सुचवलं की आण्यांत विचारू. गुडघा रुपयात किती दुखतो? हे मात्र सगळ्यांना लगेच कळलं. कुणी दहा आणे, कुणी बारा, एकीने तर सोळा आणे सांगून वर व्याजही मागितलं. प्रियदर्शनीला ही कल्पना फार आवडली. मलाही जरा जास्तच आवडली आहे, हे इथे लिहून ठेवते.

मार्चअखेर प्रबंध दिला तर एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजातली विभागप्रमुखाची जागा मला मिळण्यासारखी आहे. ती मला हवी आहे. दुसऱ्या कुणाला सांगताना मी नुसतं ज्ञानासाठी शिकतेय म्हणते, तुम्हाला खरं सांगितलं.

काकूंना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते या वेळी न विसरता लिहा.

तुमची
चारू


सातारा
२१ जुलै २०२३

चि. चारूस,
अ. आ. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा तुझ्या काकूने मोठ्याने, म्हणजे शेजाऱ्यांनीही ऐकलं. आता पेठेत सगळ्यांना माहीत आहे की चारू सांगलीकडे मेंढरं मोजते.

जागा हवी असण्यात लाजण्यासारखं काय आहे? मी मुख्याध्यापक व्हायला अर्ज केला तेव्हा शाळेच्या उद्धारासाठी केला नव्हता. पुढे शाळेचा झाला असेल थोडा उद्धार तर तो वेगळा.

गुडघ्याचं म्हणशील तर देवळाच्या पायऱ्या आता मी देवाकडे बघत चढत नाही, कठड्याकडे बघत चढतो. इथे एक नवी मुलगी दवाखाना टाकून बसली आहे, तिच्याकडे जा असं काकूचं टुमणं चालू आहे. बघू.

तुझ्या ह्यांना सांग, बायको शिकत असताना चहा करणाऱ्या पुरुषाबद्दल माझं मत फार चांगलं आहे. मी स्वतः तसं कधी केलं नाही, हे काकूने इथे लिहायला लावलं.

तब्येत जप, आणि आम्हा दोघांची आठवण राहू दे.

मधुकाका


मिरज
१४ जानेवारी २०२४

ती. मधुकाकांना,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला. कारण कामाचं नाही, मनाचं आहे.

पावसाळ्यात बायकांना व्यायाम शिकवले. मेंढरं घेऊन त्या घाटाकडे निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास मी पुन्हा गावोगाव जाऊन सगळ्यांना विचारून आले. ते आकडे आता मांडून झालेत. काका, काही उपयोग झालेला नाही. आधी बारा आणे दुखत होतं, व्यायामानंतरही बारा आणेच. काहींचं तर वाढलेलं दिसतं. मोजक्या दोन-चार जणींचं उतरलं. त्यांतल्या ठळक म्हणजे सुलाबाई, चौदा आण्यांवरून चारवर आल्या. त्यांच्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. नेमाने व्यायाम केला तर काय होऊ शकतं, अशा थाटाचं.

प्रियदर्शनी म्हणते की मॅडम, उपयोग झाला नाही हाही निष्कर्षच असतो, त्यावरही पदवी मिळते. तिचं बरोबर आहे. मार्चअखेर प्रबंध जाईल, एप्रिलची जागाही हुकणार नाही. पण वीस वर्षं मी लोकांना हेच व्यायाम देत आले. मग त्या सगळ्यांना बरं कशाने वाटलं? की त्यांना बरं वाटतंय असं मलाच वाटत होतं? सई म्हणते, आई, तू नापास झालीस तरी रडतेस आणि पास झालीस तरी रडतेस. यांनी काल तिळाच्या वड्या पुढे ठेवल्या.

तुम्हाला तीळगूळ पाकिटातून पाठवता येत नाही, तेव्हा गोड मानून घ्या.

तुमची
चारू


सातारा
२६ जानेवारी २०२४

चि. चारूस,
अ. आ. वि. वि.

तुझ्या दुःखावर माझ्याकडे औषध नाही. मुलांना इतकी वर्षं ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं आणि गावातल्या पाट्या वाचल्या की आपलं आयुष्य कुठे गेलं असं मलाही वाटतं. पण व्यायामाने तुझ्या वडिलांचा खांदा उचलायला लागला होता, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. एवढं तू जमेस धर.

तुझं मन रमावं म्हणून माझीच फजिती सांगतो. शेवटी काकूने मला त्या दवाखान्यात नेलंच. मुलगी गुणी आहे, पण पुण्याकडची. पंधरा दिवस शेक आणि व्यायाम झाल्यावर तिने विचारलं की आजोबा, गुडघा कसा आहे. मी खूश होतो, म्हटलं, रुपयात बारा आणे. तिचा चेहरा पडला. म्हणाली, अजून एवढं दुखतंय? आणि शेक वाढवायला निघाली. मला तर तिचं अर्धंच ऐकू आलेलं, मी आपला मान डोलावतोय. काकू मधे पडली म्हणून वाचलो. ती म्हणाली, अगं बाई, ह्यांना बारा आणे गुण आला आहे, दुखणं चार आणेच राहिलंय. मुलगी म्हणाली, मग तसं सांगायचं ना. आता याहून आणखी कसं सांगायचं? दवाखान्यातून उठताना माणूस आणे सांगतो ते गुण आल्याचेच ना.

असो. उन्हाळ्यात चार दिवस ये. काकूचा आग्रह आहे, माझा तर आहेच.

मधुकाका


मिरज
१८ फेब्रुवारी २०२४

ती. मधुकाकांना,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

तुमची फजिती वाचून मी हसले नाही. उठून दसऱ्याच्या खेपेचे कागद काढले.

पहिल्या खेपेला मी कागदावर छापलेला प्रश्न वाचून दाखवला होता, गुडघा रुपयात किती दुखतो. दुसऱ्या खेपेला ओळख झाली होती, चहापाणी होत होतं. मी कागद मांडीवर ठेवला, आणि वीस वर्षं दवाखान्यात पेशंट आत आला की जे विचारते तेच विचारलं, काय, किती फरक? रुपयात किती? त्या म्हणाल्या बारा आणे, आणि मी दुखण्याच्या रकान्यात बारा लिहिलं. आपल्याकडे दवाखान्यात फरक म्हणजे बरं वाटणं, दुसरा अर्थच नाही. शब्द माझ्याच तोंडचा होता आणि मलाच ऐकू आला नाही.

खात्री करायला सुलाबाईंना शोधलं. त्यांची मेंढरं कऱ्हाडच्या बाजूला एका शेतात बसवलेली आहेत असं कळलं. हे गाडी घेऊन बरोबर आले. सुलाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होत्या. मी विचारलं की दसऱ्याला चार आणे म्हणालात, ते दुखणं की फरक? त्या म्हणाल्या, फरक गं बाई. दुखणं बारा आणे हायेच की. आन त्यो चार आण्याचा फरक बी सून मेंढरांमागं जाती म्हनून. मी कुठं व्यायाम केला? मी म्हटलं, तुम्ही तर रोज करते म्हणाला होतात. तर म्हणाल्या, तू एवढ्या लांबनं येतीस, तुला न्हाई कसं म्हणायचं. मग भाकरी आणि ठेचा खायला घातला. यांना इतकं हसू आलं होतं की ठेचा तिखट लागल्याचं निमित्त करून ते बाजूला गेले.

म्हणजे माझं अख्खं प्रकरण गेलं. पण मग इतरांचे बारा आणेही फरकाचे असतील, आणि व्यायामाचा उपयोग झालेला असेल. इथेच मी अडकले आहे. चूक सापडली ती माझ्या सोयीची आहे. निकाल आधीच चांगला आला असता तर मी तुमची फजिती वाचून नुसती हसले असते का?

प्रियदर्शनी म्हणाली की अंदाजाने आकडे उलटे करता येणार नाहीत. काहींनी प्रश्न दुखण्याचाच समजून उत्तर दिलेलं असू शकतं. आता दोनच वाटा. आहे ते मार्चला द्यायचं, कुणाला कळणार नाही. किंवा बायका ज्येष्ठात परततील तेव्हा नव्या बायका घेऊन सगळं पहिल्यापासून करायचं, तेही नोकरी सांभाळून रविवारी, कारण रजा संपते. आणि विभागप्रमुखाची जागा जाते. तिने निर्णय माझ्यावर सोडला आहे. मला काय करायचं ते माहीत आहे, पण तुम्ही सांगावं असं वाटतं. या वयात हे विचारणं बरं दिसत नाही, तरी विचारते.

उत्तराची वाट पाहते.

चारू


सातारा
२४ फेब्रुवारी २०२४

चि. चारूस,
अ. आ. वि. वि.

तू विचारलंस त्याचं उत्तर, नसतं तपासलंस. मीही नसतं. चांगला निकाल कोण उकरून बघतं? पण तपासलं कशासाठी हा प्रश्न आता शिळा झाला. कळल्यावर काय करतेस हा ताजा आहे, आणि त्याचं उत्तर तू पत्रातच दिलं आहेस. मला विचारतेस ते सोबत हवी म्हणून. ती आहे.

काकूचं मत वेगळं आहे. तिच्या मते जागा आधी घ्यावी आणि खरं नंतर लिहावं. ती म्हणते, खऱ्याला घाई नसते, जागेला असते. हे मी कळवतो, कारण न कळवल्यास मला जेवण मिळणार नाही. पण रात्री तीच म्हणाली की चारूला हे जमणार नाही, तिच्या वडिलांनाही जमत नसे.

कसंही कर, माया पातळ होऊ देऊ नकोस.

मधुकाका


मिरज
९ नोव्हेंबर २०२४

ती. मधुकाका आणि सौ. काकूंना,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

प्रबंध काल विद्यापीठात दिला.

जागा एप्रिलमध्येच गेली. जिला मिळाली ती बाई कामाची आहे, असं म्हणणं पहिले दोन महिने जिवावर येत होतं, पण ती कामाची आहे. रविवारी मला लवकर निघता यावं म्हणून शनिवारची कामं तिने आपल्याकडे घेतली. काकूंना सांगा, त्यांचं म्हणणं मला अजूनही चुकीचं वाटत नाही.

जूनपासून जवळजवळ प्रत्येक रविवार जतकडे गेला. यांनी गाडी चालवली, सईने आकडे संगणकात भरले आणि तेवढ्यापुरती ती माझी गाइड झाली होती. या वेळी प्रश्न कागदावरूनच वाचला. फरक हा शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून इतकी जपत होते की एका बाईने विचारलं, ताई, दाढ दुखती का? सुलाबाईंना नव्या यादीत घेतलं नाही. त्यांनी मनावर घेतलं नाही, उलट इतरांच्या घरी जाऊन व्यायाम केला का म्हणून दरडावू लागल्या. शेवटी त्यांना हात जोडून थांबवावं लागलं, कारण त्यांच्या धाकानेच बायका केला म्हणून सांगायच्या.

तुमचं ‘नसतं तपासलंस’ मला लागलं होतं. म्हणून या खेपेला वाईट उत्तराइतकंच चांगलं उत्तर आलं तरी पुन्हा विचारलं, घरच्यांनाही विचारलं. त्यात काही छान उत्तरं गळून पडली. प्रत्येक वेळी वाईट वाटलं. खरेपणाची सवय झाली की वाईट वाटणं थांबतं अशी माझी समजूत होती, ती चुकली.

उरलं ते लहान आहे. नेमाने व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं रुपयात तीन-चार आणे उतरतं. न करणाऱ्यांचं नाही. मागच्या वर्षीची चूकही एका प्रकरणात जशी घडली तशी लिहिली. परीक्षक त्यावरच धरतील, अशी प्रियदर्शनीला काळजी होती. तिने ते पान पुन्हा वाचलं, आणि काढा म्हणाली नाही.

हे सगळं मी स्वतः केलं आहे आणि खरं आहे, अशी प्रतिज्ञा प्रबंधाच्या सुरुवातीला असते. काल विद्यापीठाच्या कार्यालयात, खिडकीपाशी उभ्यानेच, तिच्याखाली सही केली. मागे रांग होती. मागच्या मुलाने विचारलं की मॅडम, तुम्ही पोराचा प्रबंध द्यायला आलात का? मी म्हटलं, नाही रे, माझाच आहे.

दोघांनी प्रकृती सांभाळा. तुमच्या मायेवर माझा हक्क आहे असं समजून चालते, तो तसाच चालू द्या.

तुमची
चारू